सोमवारची श्रद्धांजली

माणूस जिवंत असताना त्याच्या श्रद्धांजलीचं फ्लेक्स छापायला आलेलं मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिलं. निवृत्त झालो, साखर झाली, गुडघे गेले, बऱ्याच गुन्ह्यांमधली नावं-गावं विसरलो. पण त्या फ्लेक्सवरचा हसरा चेहरा अजून डोळ्यांपुढून हटत नाही. नावं मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसं आजही अमरावतीत राहतात, बाजारात भेटतात, नमस्कारही करतात.

मे महिना होता आणि वार शुक्रवार. वऱ्हाडातला मे ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचा नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानदार अर्धं शटर ओढून आत पंख्याखाली पडतात, सिग्नल कोणी नसताना लाल-हिरवे होत राहतात, आणि भर उजेडात शहर इतकं सुनं असतं की एकट्यानं चालताना माणूस मागं वळून पाहतो. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तसल्या उन्हात एक फ्लेक्स प्रिंटिंगवाले भाई डोक्याला ओला दुपट्टा बांधून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पन्नाशीचे गृहस्थ, वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता हे मशीनवर छापतात. मागं एकदा विनापरवाना फ्लेक्सवरून मी त्यांना चांगलं झापलं होतं. त्यामुळे आपणहून ठाण्याची पायरी चढणाऱ्यांतले ते नव्हेत.

"काय भाई, आज कसं येणं केलं?"

"साहेब, हे पाहा बरं. मले काई समजूनच नाई राहिलं." त्यांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढून टेबलावर ठेवला. फ्लेक्स छापण्याआधी काढतात तो नमुना. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये हार घातलेला एका सूटबूटवाल्या माणसाचा हसरा फोटो, खाली नाव. शहरातले मोठे कारखानदार, सरकीच्या तेलाची कंपनी असलेले. मी त्यांना ओळखत होतो.

"अरेरे! कधी गेले शेठजी?"

"तारीख पाहा ना, साहेब."

निधन सोमवारी पहाटे, असं लिहिलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तो सोमवार अजून यायचा होता.

"छापताना चुकलं असेल, भाई."

"मले बी तेच वाटलं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली, पैसे बी कोनी तरी पाकिटात टाकून गेलं. म्हून त्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, भाऊ, तारीख चुकली वाटते, आज त शुक्रवार हाय. तो काय म्हने, मालूम? 'तारीख बरोबर आहे. सोमवारी सकाळी तयार ठेवा, माणूस न्यायला येईल.' अन् फोन कट. खुदा की कसम साहेब, आवाज एकदम थंडा. लग्नाची पत्रिका छापून घ्यावी तसा बोलून राहिला होता."

अंगावर काटा येणं वगैरे मी फार मानत नाही. पोस्टमॉर्टेमच्या टेबलाशी उभं राहून डबा खाल्लेला माणूस मी. पण त्या क्षणी मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, खरं सांगतो. धमकीची पत्रं मी ढिगानं पाहिली होती. धमकी देणाऱ्याला समोरच्याला भीती घालायची असते, म्हणून तो ओरडतो. हा ओरडत नव्हता. यानं आगाऊ पैसे भरले होते.

भाईंचा जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि शेठजींना फोन लावला. त्यांनीच उचलला, आणि मी मनात म्हटलं, चला, आहेत! दर शुक्रवारी ते आईला घेऊन अंबादेवीला जात. परत येता येता ठाण्यात आले, सोबत आईही. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या बाई. आमच्या महिला हवालदारांनी त्यांना बाकावर बसवून माठातलं पाणी दिलं.

शेठजींनी कागद पाहिला आणि मोठ्यानं हसले. "वा! फोटो त मस्त निवडला." मग हसणं मध्येच थांबलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं, पुन्हा वाचलं. "हा आमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालातला फोटो हाय, साहेब. दुसरीकडं कुठं नाई." एवढं बोलून त्यांनी खिशातला मोबाइल काढला आणि टेबलावरच्या कागदाचा फोटो घेतला. वकिलाला दाखवतो म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या आई उठून टेबलापाशी आल्या. वाचता येत नव्हतं, पण हार दिसला.

"जित्या मानसाच्या फोटोले हार कावून घातला रे?"

"वाढदिवसाचं हाय, आई. चाल, तू गाडीत बस."

बाई काही बसल्या नाहीत. त्यांनी पोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "साहेब, तुमी पोलीस लोकं उगाच बोलवत नाई. माह्या पोराले काई होईन काय?"

"काही होऊ देणार नाही, आई. माझा शब्द."

"तुमचा शब्द त मंग झालं," असं म्हणून त्या शांतपणे गाडीकडं गेल्या. त्या बाईंनी माझ्यावर इतक्या पटकन विश्वास ठेवला की मलाच जड झालं.

आमच्यापुढं सोमवार पहाटेपर्यंतचा वेळ होता. फ्लेक्स न्यायला येईल त्याला दुकानात पकडू, असं एक जण म्हणाला. अहो, पण तो येणार सोमवारी सकाळी, आणि माणूस मरणार पहाटे! शेठजींच्या घराला बंदोबस्त लावला. दारात दोन हत्यारी शिपाई, आत महिला हवालदार. ऑर्डर देणारा नंबर धारणीकडच्या एका मजुराचा निघाला. त्याचा मोबाइल अकोल्याच्या बसस्टँडवर चोरीला गेला होता, आणि तेव्हापासून तो फक्त अकोल्यातच चालू-बंद होत होता.

शनिवारी सकाळी नेहमीच्या वाटेनं सुरुवात केली. ज्याच्याशी वैर, तो आधी. शेठजींचा धाकटा भाऊ वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हता. त्याला बोलावलं. तो खुर्चीत बसला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, त्याचं वाईट व्हावं असं मले रोज वाटते. लपवून कायले ठेवू? पण तो मेला त कारखाना बसन, अन् माहं घर त्याच कारखान्यावर चालते." मी त्याला सोडून दिलं. इतकं उघड वाईट चिंतणारा माणूस सहसा वाईट करत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. कामावरून काढलेला एक मॅनेजर होता, तो रुग्णालयात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला. तीही वाट बंद झाली.

तिकडं घरातून हवालदारबाईंचे फोन येत होते. शेठजी आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कोणाचं खात नाहीत. खिडकीजवळ बसत नाहीत. आणि मोबाइलमधला तो फोटो काढून सारखे त्याच्याकडंच पाहत बसतात. "साहेब, मले त वाटते ह्या मानसाले मारायले कोनी यायची गरजच नाई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा भेवानंच जाईन." शेठजींच्या पत्नी पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. एवढ्या मोठ्या घरात मायलेक आणि आमची माणसं. सगळे पडदे ओढलेले, बाहेर ऊन भाजत होतं. मी स्वतः दुपारी जाऊन आलो तेव्हा शेठजींनी दार उघडलं आणि क्षणभर मला कळेना की आपण जिवंत माणसाला भेटतोय की त्या फोटोतल्या.

ठाण्यात परतलो आणि पुन्हा तो नमुना पुढं घेऊन बसलो. तपासात अडलं की मी कागद मोठ्यानं वाचतो. खालची ओळ वाचली: 'अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी चार वाजता निघेल.' वाचली आणि थांबलो.

मे महिन्यात, अमरावतीत, दुपारी चारला? मी जन्मभर अंत्ययात्रांचे बंदोबस्त केले. आमच्याकडं उन्हाळ्यात माणूस पहाटे गेला तर सकाळीच नेतात, फारच कोणाची वाट पाहायची असेल तर दिवस कलल्यावर. चार वाजता डांबर पायाला चिकटतं, खांदेकरी चक्कर येऊन पडतील. ज्याच्या घरातून कधी उन्हाळ्यात मयत निघाली आहे, असा कोणीही वऱ्हाडी माणूस ही वेळ लिहिणार नाही. ही वेळ लिहिणाऱ्याचा दिवस घड्याळावर चालत होता, आणि त्या घड्याळात चारच्या आधी काहीतरी संपत होतं. चारपर्यंत कोणी त्या घराकडं फिरकू नये, अशी त्याची इच्छा होती. मेलेल्याचं दर्शन घ्यायला लोक लवकर गेले, तर मेलेला दार उघडायचा!

म्हणजे मारायचं नव्हतंच की काय? नुसतं तो मेलाय असं दाखवायचं होतं? मग वार्षिक अहवालातला फोटो आठवला. तो अहवाल जातो कोणाकडं? शेअर घेणाऱ्यांकडं. शेअर बाजार बंद होतो साडेतीनला.

शेठजींना फोन करून विचारलं, तुमच्या कंपनीच्या शेअरचं काय चाललंय. इतक्या भीतीतही माणसाचा आवाज फुलला. "दोन हप्ते झाले साहेब, रोज अप्पर सर्किट." म्हणजे एका दिवसात भाव जितका चढू देतात तितका सकाळीच चढतो आणि थांबतो. घेणारे रांगेत, विकायला कोणी तयार नाही. "मोठी ऑर्डर भेटली न आमाले. त्याच्यानं."

पुढचं काम अकोल्याच्या एका जुन्या खबऱ्यानं केलं. अकोल्यात डब्बा चालतो हे आम्हाला माहीत होतं. डब्बा म्हणजे बाजाराबाहेरचा बाजार. भाव खरे, पण शेअर कोणी घेत-देत नाही, नुसत्या भावावर सौदे लागतात, आणि सगळं बेकायदा. खबऱ्यानं डब्बेवाल्याला गाठलं. डब्बेवाला हसतच म्हणाला, "त्या तेलाच्या शेअरात आमच्याकडं एकच माणूस फसला हाय. अन् तो कोन, त शॉर्ट शिकवनारे सर!"

रविवारी सकाळी आम्ही साध्या कपड्यांत अकोल्यात एका अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर गेलो. रविवारचा क्लास भरलेला होता. पोरं, दोन-चार निवृत्त माणसं, एक-दोन बाया. मी मागच्या बाकावर बसलो. पांढऱ्या फळ्यापुढं इस्त्रीच्या शर्टातला, चाळिशीतला एक माणूस शिकवत होता. आवाज थंड आणि स्वच्छ. भाईंनी सांगितलेला आवाज हाच, हे मला दुसरं वाक्य ऐकायच्या आत कळलं.

"शॉर्ट म्हणजे काय? शेअर आपल्याजवळ नाही, तरी आधी विकायचा. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत द्यायचा. मधला फरक आपला. आता जोखीम बघा. शंभराला घेतलेला शेअर मातीमोल झाला, तर किती जातील?"

"शंभर," पोरं म्हणाली.

"आणि शंभराला विकलेला शेअर चढत गेला तर?" त्यानं फळ्यावर वर जाणारी रेघ ओढली. "दोनशे, पाचशे, हजार. या नुकसानीला छत नाही. म्हणून विकण्याआधीच ठरवायचं, कितीवर आपण हरलो म्हणायचं. तो स्टॉप लॉस. भाव तिथं आला की मुकाट बाहेर. एका सौद्यात सगळी पुंजी लावायची नाही. आणि ज्या छोट्या शेअरला रोज सर्किट लागतं, त्याच्या वाटेला जायचंच नाही. तिथं विकणाराच नसतो, मग स्टॉप लॉस लागूनही तुम्ही आतच कोंडलेले."

इतकं नेटकं शिकवणारा माणूस मी कमी पाहिला. मला बाजारातलं ओ की ठो कळत नसे, पण त्या दिवशी कळलं. क्लास सुटेपर्यंत थांबलो. मग जवळ जाऊन म्हटलं, "सर, एक शंका होती. अंत्ययात्रा चारला का?"

त्यानं हातातला डस्टर हळूच खाली ठेवला. पळाला नाही, चिडला नाही. "पाच मिनिटं द्या, लॅपटॉप बंद करतो," एवढंच म्हणाला. चोरीचा मोबाइल त्याच्याच ड्रॉवरमध्ये सापडला. पंचनामा करून त्याला अमरावतीला आणलं.

चौकशीत मला आवाज चढवावा लागला नाही. त्याची दोन-तीन वर्षांची पत त्या क्लासवर उभी होती. "सर कधी हरत नाहीत," असं अकोल्यात बोललं जायचं. तेलाच्या शेअरचा भाव फुगलाय, पडणारच, असं त्याला वाटलं आणि त्यानं शॉर्ट केलं.

"बाजारात न करता डब्ब्यात का केलं?"

"बाजारात अशा शेअरचं शॉर्ट त्याच दिवशी मिटवावं लागतं, साहेब. डब्ब्यात ते पुढं ओढता येतं."

"आणि स्टॉप लॉस?"

"लावला होता. भाव जवळ आला तेव्हा थोडा वर सरकवला. मग आणखी वर. मग काढूनच टाकला. उद्या पडेल असं रोज वाटायचं."

"अरे, पोरांना शिकवतोस ते तुला कळत नव्हतं?"

"पोरांना शिकवताना पैसे माझे नसतात, साहेब."

मला त्याचा रागही आला आणि कीवही. मी सरळ विचारलं, "शेठला मारणार होतास?"

"नाही, नाही." तो पहिल्यांदाच गडबडला. "मला तो फक्त दिवसभर मेलेला पाहिजे होता. साडेतीनपर्यंत. सकाळी फ्लेक्स चौकात लागलं असतं, फोटो सगळ्या ग्रुपवर गेला असता, भाव कोसळला असता, मी बाहेर पडलो असतो. संध्याकाळी तो जिवंतच होता की! कोणाचं काय जाणार होतं?"

"आणि मंगळवारी भाव पुन्हा चढला असता तर?"

अफवेनं भागलं नाही तर माणूस ती खरी करायला निघतो, हे मी पाहिलेलं आहे. तो निघाला असता की नाही, ते त्याचं त्यालाच माहीत.

रविवारी संध्याकाळी शेठजींच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पडदे बाजूला केले, चहा मागवला, आणि बारीक बारीक विचारत राहिले. बातमी पसरली असती तर भाव किती पडेल म्हणत होता तो? एका दिवसातच पडला असता का? मला वाटलं, सुटलेला माणूस आहे, बोलू दे. आरोपी सापडला, आता बंदोबस्त नको, असं त्यांनी लेखी दिलं. आईला दर्यापूरला बहिणीकडं पाठवतो म्हणाले, दोन दिवस जिवाला घोर लागलाय तिच्या. गाडी दारात उभीच होती. आई गाडीत बसता बसता थांबल्या आणि माझ्या हातात कुरड्यांची पिशवी कोंबली. "घरच्या हायेत. तुमी माह्या लेकराले वाचवलं, बाबू." मी त्या घेतल्या. पोलिसानं काही घेऊ नये हा नियम मला माहीत आहे, पण त्या बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही.

सोमवारी सकाळी सरांना कोर्टात हजर करायला मी स्वतः गेलो होतो. पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात उभा असताना हवालदारबाईंचा फोन आला. बोलायच्या आधी त्यांचा श्वास ऐकू आला.

"साहेब, चौकात फ्लेक्स लागलं."

"कोणतं फ्लेक्स?"

"तेच, साहेब. तोच फोटो, तीच तारीख. सगळ्यांच्या मोबाइलवर बी आलं. शेठजींचा फोन बंद हाय."

समोर बाकावर दोन शिपायांच्या मध्ये सर बसले होते. हातात बेडी, मोबाइल आमच्याकडं जमा. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, तरी माझा चेहरा पाहून ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी काही केलं नाही, साहेब!" खरंच होतं ते. मग कोणी केलं? मारायचं काम यानं दुसऱ्या कोणाला आधीच देऊन ठेवलं होतं की काय, आणि मी बंदोबस्त काढून बसलो? सरांना शिपायांवर सोपवून मी जीपकडं धावलो. मी त्या म्हातारीला शब्द दिला होता.

चौकात जीप थांबवून फ्लेक्स पाहिलं. उन्हात माणसं डोक्यावर रुमाल धरून वर बघत उभी होती, हळहळत होती. भाई तिथंच होते, रडकुंडीला आलेले. "साहेब, अल्ला की कसम, मी नाई छापलं. हे माह्या मशीनचं नोयच." मी जवळ गेलो. फोटो किंचित तिरपा होता. शेठजींच्या कपाळावर एक लांब पांढरी रेघ चमकत होती, आणि एका कडेला हिरव्या रंगाची पट्टी. ती हिरवी पट्टी मी ओळखली. माझ्या टेबलावरचं हिरवं कापड. आणि कपाळावरची रेघ म्हणजे माझ्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा उजेड. कागद माझ्या टेबलावर असताना त्याचा फोटो एकाच माणसानं घेतला होता.

घरासमोर गाड्यांची रांग होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं भिंतीच्या सावलीला दाटीवाटीनं उभी, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फाटकाला आतून कुलूप. वॉचमन म्हणाला, बॉडी नागपूरहून यायची हाय, चारच्या आत कोनाले सोडू नका असं सांगतलं. कोणी सांगितलं, ते तो सांगेना. मी त्याला दरडावून कुलूप उघडायला लावलं आणि आत गेलो. घर पार शांत होतं. बैठक रिकामी, देवघर रिकामं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून एसीचा गार झोत पायाला लागला. पडदे बंद, अंधार, आणि लॅपटॉपच्या लाल उजेडात एक चेहरा. अगदी फोटोतला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"साडेतीनपर्यंत थांबा, साहेब," तो कुजबुजला. "लोअर सर्किट लागलं हाय, भाव पार तळाले. पायजेन त तुमचं बी पाहू काई."

आपल्याच कंपनीचा शेअर या माणसानं शुक्रवारीच, ठाण्यातून घरी गेल्यावर, बाजार बंद व्हायच्या आत एका नातेवाइकाकडून डब्ब्यात शॉर्ट करवून ठेवला होता. भीतीही खरी होती आणि हेही खरं होतं. मेलोच तर बायकोपोरांना मिळतील आणि नाही मेलो तर मला, असं नंतर जबाबात सांगितलं. मग रविवारी आम्ही आरोपी पकडला, आणि फुकटात मिळणारी बातमी बुडाली. तेव्हा यानं ती स्वतःच लावली. फ्लेक्स नागपुरात छापून घेतलं.

मी त्याची कॉलर धरली, हे मान्य करतो. "फोन चालू करा आधी."

"आता नाई, साहेब. कोनी उचलल्याचं कळलं त सगळं..."

"चालू करा!"

त्यानं चालू केला. क्षणभर काही नाही, आणि मग फोन टेबलावर थरथरत राहिला, थांबेचना. दर्यापूरहून बहिणीचे मिस कॉल, एकाखाली एक, एकाखाली एक. तो पाहत असतानाच पुन्हा वाजला. त्यानं उचलला नाही, मी उचलला. पलीकडं बाई आधी रडल्या, मग म्हणाल्या, "कोन बोलून राहिलं? दादाची बॉडी केव्हा येते? इकडं आई बी गेली हो."

मी त्याला जीपमध्ये घालून दर्यापूरला नेलं. दोन्हीकडं काळी नांगरलेली रानं, झाड नाही, माणूस नाही, रस्त्यावर पाण्यासारखं मृगजळ. दारात जीप थांबली आणि तो उतरला तेव्हा अंगणातल्या बाया किंचाळून मागं सरल्या. एक म्हातारा हात जोडून रामराम म्हणू लागला. बहीण तेवढी पुढं आली. तिनं भावाचा दंड दाबून पाहिला, गालाला हात लावला, मग हात झटकन काढून घेतला.

"आई म्हने, फोन लाव, माहा लेक उचलते. मी लावला त बंद. म्हने, पुना लाव. पुना बंद. किती खेपा लावला, दादा. मंग म्हने, राहू दे आता, अन् भिंतीले टेकली." ती त्याच्याकडं एकटक बघत होती. "वयनीले कोनी सांगतलं होतं का, तू जिता हाय म्हून?"

बायकोला त्यानं रविवारीच पुण्याला फोन करून सांगून ठेवलं होतं, उद्या काही ऐकलंस तर घाबरू नकोस. आईला नव्हतं सांगितलं. आईच्या पोटात काही राहत नाही, म्हणून.

पुढं फसवणूक, अफवा पसरवणं, डब्बा, अशी कलमं दोघांवरही लागली. दोघेही जामिनावर सुटले, तारखा चालू आहेत. म्हातारीच्या मरणाचा मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं, आणि ते कागद तिथंच संपले. त्या मृत्यूला आमच्याकडं कलम नाही. मी वरिष्ठांशी भांडलो, सरकारी वकिलांच्या घरी चकरा मारल्या, काही झालं नाही. शब्द मी दिला होता, पोराला काही झालंही नाही. पण याला शब्द पाळला म्हणतात का, ते मला अजून कळलेलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी आधी समजत होतो की गुन्हेगार पकडला म्हणजे गुन्हा थांबला. आता तसं समजत नाही. एका माणसाचा दुष्ट बेत आम्ही हाणून पाडला, आणि ज्याला वाचवायचं त्यानंच तो उचलून पुरा केला. आणि एक सांगतो. डब्बेवाल्याच्या जबाबात शेठचा सौदा मी पाहिला. एकदम नियमाप्रमाणं होता. पुंजीचा थोडाच भाग लावलेला, स्टॉप लॉस जागच्या जागी, एकदाही हलवलेला नाही. आपलं किती जाऊ शकतं, हे त्यानं सौद्याआधी नीट ठरवलं होतं. सर हरले, शेठ जिंकला.

जबाब लिहून झाल्यावर सही घ्यायला मी कागद त्याच्यापुढं सरकवला. मुंडण केलेलं डोकं, आईचं सुतक. शेवटी काही सांगायचंय का, म्हणून रिवाजाप्रमाणं विचारलं. तो मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "साडेतीनले मी तिले फोन लावनारच होतो न, साहेब."

ते वाक्य मी जबाबात घेतलं आणि त्यानं खाली सही केली.